उजव्या खांद्यावरचं तेल

आमच्या गावच्या गुरवाने मला फसवलं. देवीच्या उजव्या खांद्याला तेल लावून, भर देवळात, सगळ्या गावासमोर फसवलं. हे लिहून ठेवायला हवं, कारण गावात आता ही हकीकत वेगळीच सांगतात. त्यांच्या हकीकतीत गुरव साधाभोळा, देवी जागृत आणि मी भाविक. यातलं पहिलं साफ खोटं आहे. तिसऱ्याबद्दल मलाच शंका आहे. दुसऱ्याबद्दल पुढे बोलतो.

माझा बाप मिठागरावर राबला. मी त्याच मिठाच्या गोणी दुसऱ्याच्या टेम्पोत भरता भरता टेम्पो चालवायला शिकलो. आज पनवेलपासून अलिबागपर्यंत कुठेही खडी किंवा मुरूम उतरवायचा असेल तर माझे ट्रक जातात. हे मला कोणी ताटात वाढून दिलेलं नाही. घासाघीस करताना समोरचा काय सांगतो याकडे मी फारसं लक्ष देत नाही. तो काय लपवतो ते बघतो. मला राग लवकर येतो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे, आणि धंद्यात त्याचा मला फायदाच झाला आहे.

पण एक गोष्ट मीही लपवत आलो होतो. मला पाण्याची भीती वाटते.

खाडीकाठच्या माणसाने हे कोणाला सांगावं? लहानपणी मी आणि हाच गुरव, तेव्हा आम्ही दोघेही अर्ध्या चड्डीत, उघाडीखाली चिंबोऱ्या पकडायला जायचो. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पाणी तिथून बाहेर पडतं आणि भरतीला दार आपोआप मिटतं. एकदा माझा पाय तिथल्या चिखलात रुतला तो निघेना. भरती लागली. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. मी हाका मारत होतो आणि मला गुरवाची पाठ दिसत होती. तो पळत होता. बापाला आणायला पळालो, असं तो नंतर सांगायचा. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा मोठी माणसं आली आणि त्यांनी मला उपसून काढलं. तेव्हापासून गुडघ्यावर पाणी आलं की माझा श्वास अडकतो. सगळा अलिबाग मुंबईला बोटीने जातो. मी वडखळवरून वळसा घालतो. लोकांना वाटतं, शेठला गाडीची मिजास आहे. वाटू दे. खरं काय ते फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो देवीची पूजा करत होता.

गेल्या भाद्रपदात बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली. आमची भातशेती सगळी बांधाच्या आतली. बाहेर खाडी, आत शेत, मध्ये मातीचा बांध. तो फुटला की खारं पाणी आत शिरतं. ते जास्त दिवस राहिलं तर उभं पीक जातंच, पण पुढची काही वर्षं जमीनही काही देत नाही. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. समोर अमावास्या होती, म्हणजे उधाण. उधाणाच्या आत खांड बुजली नाही तर सगळं गेलं, हे लहान पोरालाही कळत होतं.

मी आधी जाऊन खांडीच्या कडा बघितल्या. मला त्या फावड्याने तासल्यासारख्या वाटल्या. चुलतभाऊ माझ्या मागे उभा होता. माझा जमिनीचा तुकडा तोच कसतो.

"काय बघतंस दादूस? कुनी फोडला ते?"

"बघतोय."

"चिंबोरीनं फोडला. पकडून देऊ का? तुज्या ट्रकला बांधून मार तिला."

तिथे चिंबोऱ्यांची बिळं होती, हे खरं. तरी मी दोन्ही कडांचे फोटो काढून ठेवले.

आमच्या गावात खांड बुजवायची रीत जुनी आहे. बांबूचे खुंट, पेंढा आणि चिखलाची ढेकळं घेऊन माणसं रांगेने पाण्यात उभी राहतात. पण मधोमध, जिथे ओढ सगळ्यात जास्त, तिथे पहिला कोणी उतरायचं यावरून पूर्वी भांडणं व्हायची. ज्याचं शेत खांडीजवळ तो म्हणायचा, मीच का? म्हणून ते देवीवर सोडलेलं आहे. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक पाकळी पाण्याने चिकटवतो. एकेका घराचं नाव घेऊन विचारतो, यांनी उतरायचं का? डावी पाकळी आधी पडली तर नाही. उजवी पडली तर हो, आणि मग त्या घराच्या कर्त्या माणसाने देवीचा नारळ पाण्यात सोडून पहिलं उतरायचं. त्याला नाही म्हणता येत नाही. आजवर कोणी म्हटलेलं नाही.

कौलाला मी गेलो तो केवळ चार लोकांत दिसावं म्हणून. नावं घ्यायची सुरुवात नेहमी पूर्वेकडून, जुन्या विहिरीजवळच्या घरापासून होते. कोणाही म्हाताऱ्याला विचारा. माझं घर पश्चिमेला, डांबरी रस्त्याला लागून. माझ्यापर्यंत पाळी येईतो कोणाला तरी उजवी पडलेली असणार, या हिशेबाने मी निवांत होतो. गुरवाने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि पहिलंच नाव माझ्या घराचं घेतलं.

उजवी पाकळी घसरली ती अशी, की जणू वाटच बघत होती.

"दादूस, तुजा मान!" चुलतभाऊ ओरडला.

"मान ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "माझी खोदाईची मशीन उद्या सकाळी बांधावर आणतो. दुपारपर्यंत खांड बुजवून देतो."

"बांध भिजून लोनी झालाय. तुजी मशीन चढली तर हाय तो पन बसंल. आन् देवीनं मानूस मागितलाय. मशीनीचं नाव घेतलं व्हतं का गुरवानं?"

देऊळभर हशा झाला. मी मुरुमाच्या गोणी देऊ केल्या. त्यांनी त्या घेतल्या, रस्त्यापर्यंत आणून टाक म्हणाले. ट्रक देऊ केले, तेही घेतले. माझ्या बदली उतरायला एक पट्टीचा पोहणारा देऊ केला. त्यावर कोणी हसलंही नाही. गुरव समईची वात सारखी करत होता. त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

घरी जाताना मी सगळं जुळवत होतो. सुरुवात पश्चिमेकडून का केली? पाकळी इतक्या झटकन का पडली? मलाच का? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. गावातली सगळी तरणी पोरं माझ्या ट्रकांवर. चिखलात उतरायची त्यांना सवय नाही आणि इच्छाही नाही. गावाने बोलावलं तर त्यांना ड्युटी असते. शेठ उतरला तर मात्र कोणाची टाप आहे काठावर उभं राहायची? गुरवाला पाण्यात एक माणूस नको होता, माझ्या मागची सगळी फौज हवी होती. सौदा म्हणून बघितलं तर डाव चांगला होता. पण त्याला माझी भीती ठाऊक होती, आणि ठाऊक असून त्याने माझं नाव पुढे केलं. हे मला सहन होईना.

बायकोला सांगितलं, "कौल खोटा हाय. मी उतरनार न्हाय."

"खोटा कशावरनं?"

"मना कळतं."

"तुमाला सगल्यांचंच खोटं कळतं," ती म्हणाली. "दूधवाल्याचं कळतं, भावाचं कळतं, माझ्या माहेरच्यांचं तर लग्नातच कळलं व्हतं. आता देवीचं कळलं. ऱ्हायलं कोन?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, गुरव जेवायला घरी गेला असताना, मी देवळात गेलो. देवीची मूर्ती काळ्या दगडाची आहे. मी जवळ जाऊन बघितलं. डावा खांदा कोरडा होता, वर धुळीचा थर. उजवा खांदा चकाकत होता. बोट लावलं. बोट नाकाशी धरलं. खोबरेल.

त्या क्षणी मला इतका आनंद झाला की तो लपवण्यात अर्थ नाही. मी सुटलो होतो. ते बोट वर धरून नुसता गावातून फिरलो असतो तरी पुरे होतं. गुरवाची इज्जत गेली असती आणि माझा पाय कोरडा राहिला असता. मी खिशातला रुमाल काढून तेल पुसून घेतलं, पुरावा म्हणून. खांदा अगदी दगड लागेपर्यंत पुसला.

मग का कोण जाणे, मी तिथून निघालो नाही. मला वाटलं, खोटा भाव कोणी सांगितला ते कळलं, आता खरा भाव विचारावा. कौल लावायचा मान गुरवाचा. पण ज्याने देवीच्या अंगाला तेल लावून गिऱ्हाईक फसवलं त्याचा मान मी कशाला राखू? मी डाव्या खांद्यावरची धूळही पुसली, तांब्यातल्या पाण्याने दोन पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, "मी उतरू का नको?"

पाकळ्या पडल्या नाहीत. ना उजवी, ना डावी.

मी थांबलो. पुन्हा विचारलं. मग बोलू लागलो, आणि बोलता बोलता नेहमीच्या वळणावर गेलो. म्हटलं, तुझ्या देवळापर्यंतचा रस्ता करून देतो. चांदीचे डोळे घालतो. सगळे ट्रक लावतो, गोणी देतो, माणसं देतो, फक्त मला सोड. माझं काय ते तुला ठाऊक आहे. तू तेव्हाही इथेच होतीस. देवी गप्प. मी चिडलो. देवीवर ओरडणारा माणूस मी याआधी बघितला नव्हता, त्या दिवशी स्वतःच झालो. "कायतरी बोल!" म्हणालो. पाकळ्या तशाच.

सौद्यात मी एक गोष्ट शिकलो आहे. समोरचा बोलत असतो तोवर भाव हलतो. भाव सांगून तो गप्प बसला, तुम्ही कितीही आपटलं तरी गप्प बसला, की समजायचं, हा शेवटचा. मी स्वतः असाच बसतो. आता समोरची बसली होती.

मी पायरीवर येऊन बसलो आणि पहिल्यांदा नीट विचार केला. पाकळी गुरवाने घसरवली, कबूल. पण बांध गुरवाने फोडला नव्हता. अमावास्या त्याने आणली नव्हती. पोटरीतलं भात त्याने रंगवलेलं नव्हतं. पोरं माझ्याकडे बघून काठावर थांबली होती, हेही खरंच होतं. निरोप आणणारा लबाड निघाला म्हणून निरोपातलं काम खोटं ठरत नव्हतं. आणि मी इतकं विचारूनही देवीने एकदासुद्धा 'नको' म्हटलं नव्हतं. डावी पाकळी पाडायला तिला काय लागलं असतं?

रुमाल मी गाडीच्या खणात ठेवला. तो नंतरसाठी.

इथे गावातले लोक सांगतात की देवीने माझी भीती काढून घेतली. तसं काही झालं नाही. सकाळी ओहोटीच्या वेळी मी बांधावर गेलो तेव्हा भीती माझ्याआधी तिथे पोचलेली होती. बायको नारळ घेऊन सोबत आली होती.

"तुमचे पाय लटपटतायत," ती हळूच म्हणाली.

"चिखल हाय."

"अजून सुक्यातच हाव आपण."

तिने एवढंच म्हटलं आणि नारळ माझ्या हातात दिला. मग तिने माझं मनगट एकदा दाबलं. मला वाटतं, ठाऊक असणारी माणसं एक नव्हे, दोन होती. ही इतकी वर्षं काही बोलली नाही, त्यामागेही काहीतरी असणार.

मी नारळ सोडला आणि उतरलो. आतलं पाणी बाहेर ओढत होतं. गुडघे पाण्यात गेले. श्वास अडकला. कंबर गेली. पाय चिखलात रुतले, अगदी तेव्हासारखे, आणि मला वाटलं, संपलं. मागे वळायची इच्छा इतकी होती की मी बहुधा वळलोही असतो, पण रुतलेले पाय वळू देत नव्हते. मनात देवीला म्हणालो, मी आलोय, पण उभं राहणं माझ्या हातात नाही, ते तू बघ. याहून मोठी प्रार्थना मला सुचली नाही. पाण्याने छातीवर धक्का दिला आणि मी पडलो नाही. त्याच चिखलाने मला उभं धरून ठेवलं होतं.

काठावर पोरं मोबाईल धरून उभी होती.

"काय पिक्चर बघताय?" मी ओरडलो. "उतरा! का पत्रिका छापू?"

माझा आवाज भीतीने फाटला होता. पोरांना तो राग वाटला, रोजचाच. धडाधड उड्या पडल्या. दोन्ही बाजूंनी रांग लागली, खुंट आले, पेंढा आला. माझ्या डाव्या हाताला कोणी तरी येऊन उभं राहिलं. बघतो तर गुरव.

"तू कनाला उतरला? तुजं काम देवळात. दिवा कोन बघंल?"

"दिवा बायको बघते. सरक."

"मना तुजा हात नको."

"मंग तू माजा धर. मना पन भ्या वाटतं."

"तवा पलाला व्हतास," मी म्हणालो.

"बापाला आनायला पलालो."

"मना तुजी पाठच दिसली."

"आता तोंड दिसतंय ना? मंग गप ऱ्हा."

त्याने उजव्या हाताने माझा दंड धरला तो शेवटची गोणी पडेपर्यंत सोडला नाही. मात्र ढेकळं हातोहात पुढे जात होती तेव्हा त्याचा डावा हात नुसता लोंबत होता. पोरं त्याला वगळून ढेकूळ पुढे देत होती. कामचुकार, मी मनात म्हटलं. त्याला खरंच भीती वाटत होती की मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणाला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. भरती लागायच्या आत खांड बुजली. अमावास्येचं उधाण आलं, बांधाला थडकून परत गेलं. चुलतभावाच्या भाताला लोंब्या आल्या. नवे तांदूळ तो स्वतः घेऊन आला. मी त्यातही खडे बघितले. नव्हते.

हे सगळं निवल्यावर मी रुमाल घेऊन देवळात गेलो. गुरव फुलं निवडत होता. मी रुमाल त्याच्यासमोर टाकला.

"उजव्या खांद्याला तेल कुनी लावलं?"

"मी. रोजच लावतो."

"फकस्त उजव्याला?"

"डावा हात वर जात न्हाय रे हल्ली. खांदा धरलाय. एका बाजूला लावतो, एक बाजू ऱ्हाते."

त्याचा हात लोंबताना मी स्वतः बघितला होता. मग मी मूर्तीसमोर जाऊन उभा राहिलो आणि माझा उजवा हात वर केला. तो देवीच्या डाव्या खांद्यासमोर आला.

"ये, बघ," मी म्हणालो. "तुजा चांगला हात देवीच्या डाव्या खांद्याला लागतो. डावा हात दुखत असंल तर उजवा खांदा कोरडा ऱ्हायला पायजे. तेल भलतीकडंच कसं?"

गुरवाने माझ्या हाताकडे बघितलं. देवीकडे बघितलं. मग समईची वात पुढे ओढली आणि फुलं निवडायला बसला. मी थांबलो. विचारलं, पश्चिमेकडून सुरुवात का केली? फुलं निवडतोय. विचारलं, माझं पाण्याचं ठाऊक असून माझं नाव घेताना तुझी जीभ कशी वळली? फुलं निवडतोय. देवीसारखा गप्प बसला. पण देवीचं गप्प बसणं मी मानलं म्हणून पुजाऱ्याचंही मानीन, असं त्याने समजू नये. तिला तो अधिकार आहे. त्याला कोणी दिला?

लोक म्हणतात, सोड आता. बांध वाचला, भात वाचलं, तुझं नाव झालं. मला नाव नको होतं. मी उतरलो ते खोट्या कौलाने उतरलो नाही, तो खोटा आहे हे कळल्यावर उतरलो. गावाच्या हकीकतीत मात्र मी एका पाकळीला भुललो, असं होतं. माझं होतं तेवढं धैर्य गुरवाच्या खोबरेलाच्या खात्यात गेलं. हे मी सोडणार नाही.

येत्या नवरात्रात घट बसतील तेव्हा सगळा गाव देवळासमोर असेल. गुरवाने तिथे उभं राहावं आणि मोठ्याने सांगावं, तेल त्याने लावलं की नाही, कोणाच्या सांगण्यावरून लावलं, आणि मी बुडालो असतो तर माझ्या बायकोसमोर तो कोणतं तोंड घेऊन आला असता. स्वतःच्या मनाने लावलं असेल तर तसं म्हणावं. देवीने लावायला सांगितलं म्हणत असेल तर तेही तिच्या पायावर हात ठेवून म्हणावं, मग मी तिला विचारीन. रुमाल माझ्याजवळ आहे. मी पुढच्याच रांगेत बसणार आहे. त्याने उत्तर द्यावं.